शेवट कुणी पाहिला

नाताळाआधीचा शनिवार, फिलाडेल्फिया.
ट्रॉली बोगद्याच्या तोंडाशी बारा मिनिटं अडली,
तेराव्या रस्त्यावर वर आलो तर
सिटी हॉलभोवती मुंगीला वाट नाही.
लाकडी टपऱ्या, दालचिनीचा वास,
एका बापाच्या खांद्यावर झोपलेली मुलगी
आणि तिच्या मुठीतून त्याच्या कॉलरमध्ये ठिबकणारं चॉकलेट.
लोरेन्झो म्हणाला, मोजे घेऊ, नुसते मोजे,
दोन मिनिटांचं काम.
मोज्यांची रांग जिन्यापर्यंत आली होती.

म्हणून पहिल्या सिनेमाची पहिली वीस मिनिटं
आम्हाला मिळालीच नाहीत.
अंधारात चाचपडत बसलो तेव्हा
पडद्यावर एक बाई पत्र जाळत होती.
कुणाचं, ते अजून कळलेलं नाही.
एक कोपरा तिने शिल्लक ठेवला,
तो पुढे दोन तास पुरला.
तिचं दुःख आम्हाला आयतं मिळालं, कारणाशिवाय,
भिंतीपलीकडून शेजारणीचं रडणं ऐकू यावं तसं.

दुसरा रात्री साडेनऊचा.
आठवडाभर मी पार्सलांच्या गोदामात
दहा-दहा तास उभी होते.
डिसेंबर म्हणजे आमची सुगी.
हातांना चिकटपट्टीचा वास, साबणाने न जाणारा.
खुर्ची मागे कलली, पाय वर आले
आणि मी गेले.
जहाज निघालं तेव्हा जागी होते.
डोळे उघडले तर जहाज नाही, समुद्र नाही,
एका स्वयंपाकघरात दोन म्हातारे भाऊ
न बोलता अंडी फोडत होते.
मधलं सगळं लोरेन्झोने सांगितलं,
निसरड्या फुटपाथवर माझा दंड धरून:
कोण बुडालं, कुणी कुणाला माफ केलं नाही,
आणि मग म्हणाला, तेव्हा व्हिटो म्हणतो की—
घसा खाकरला.
सिनेमात व्हिटो नावाचं कुणी नव्हतं.
व्हिटो त्याचा थोरला भाऊ, क्लीव्हलँडला असतो,
आईच्या घराच्या विक्रीपासून
आमच्याकडे त्याचं नाव निघत नाही.
मी काही विचारलं नाही. ट्रॉली आली.

रविवारी दुपारी आमच्याच रस्त्यावरचं जुनं थिएटर,
मुलांनी भरलेलं, रेडिएटर खडखडतोय.
कुत्रा बर्फात हरवलेला, शेवटची दहा मिनिटं उरलेली,
आणि आगीची घंटा.
कुणीतरी पॉपकॉर्न जाळले होते, बाकी काही नाही.
पण सगळे बाहेर, अर्धे कोटाशिवाय,
अग्निशमनवाले आत, आम्ही फुटपाथवर,
आणि साठ मुलं एका सुरात: कुत्र्याचं काय झालं?
मग चर्चच्या गायकवृंदातल्या मिसेस व्हिटलॉक
पिशव्या खाली ठेवून म्हणाल्या,
मी शुक्रवारी पाहिलाय. सांगू?
आणि सांगितलं.
तीन पायांवर लंगडत तो दारात येतो,
दार उघडंच असतं,
कारण आजोबांनी ते रोज रात्री उघडं ठेवलेलं असतं
आणि गॅसचं बिल, बाई गं, केवढं आलेलं!
मोठी माणसं हसली. एक मुलगा नाक पुसत होता.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा डॅरियस भेटला,
त्यानेही तो पाहिला होता. म्हणाला,
नाही हो. कुत्रा परत येतच नाही.
दार वगैरे काही नाही. नुसता बर्फ,
आणि नावांची पाटी.

मी ते लोरेन्झोला सांगितलं नाही.
तो स्वयंपाकघरात मोज्यांचं पाकीट
उलटंसुलटं करत उभा होता. लोकरी, जाड,
बारा नंबरच्या पायाचे.
लोरेन्झोचा पाय नऊचा.
मी म्हटलं, उद्या चारच्या आत टाकलं
तर मंगळवारी पोचतं. तिथेच तर काम करते मी.
त्याने खोका शोधला, पत्ता
न बघता लिहिला, घर नंबरासकट,
आणि मग बराच वेळ खिडकीशी उभा राहून
चिकटपट्टीचं रीळ फिरवत
नखाने तिचं टोक शोधत राहिला.